खवट दाणा घशात कळतो

सुकामेवा भाजायच्या त्या कारखान्यात तिला नावानं हाक मारणारं कुणी उरलं नव्हतं. सगळे भिंगरी म्हणत. पायाला भिंगरी लागल्यासारखी ती दिवसभर भट्टी ते परात, परात ते मीठ लावायचं फिरतं पिंप आणि तिथून परत भट्टी अशी चालत असे. खुर्ची दिली होती तिला, पण त्या खुर्चीवर कायम तिची पिशवी बसलेली.

काम चाखायचं. भट्टीतून निघालेला माल एका मोठ्या लोखंडी परातीत गोल फिरत गार व्हायचा. तो कोमट झाला की भिंगरी तीन दाणे उचलायची. एक नखानं फोडून आतला रंग बघायची. दुसरा पुढच्या दातांखाली धरून त्याचा आवाज ऐकायची. तिसरा पूर्ण चावून गिळायची. मग म्हणायची, "सोड." नाहीतर, "थांब." थांब म्हटलं की भट्टीमास्तर कितीही कुरकुरला तरी घाणा जागचा हलत नसे. पुढं मीठ लागलं की परत चाखायचं, आणि साखरेत घोळवलेला माल असेल तर तो वेगळा. अशी चोवीस वर्षं झाली. भट्टीमास्तर आच कमीजास्त करायचा ती तिच्या तोंडाकडे बघून, तापमानाच्या काट्याकडे बघून नव्हे.

तिचा नवरा शिंपी. घराच्या पुढच्या खोलीत त्याचं मशीन आणि कापड बेतायचं लांब टेबल. तो माणूस एकदा बसला की जेवायलाच उठायचा. ती घरात आली की भांडी हलायची, पडदे सरकायचे, तिसऱ्या गिऱ्हाइकाची पँट पहिल्याच्या गठ्ठ्यात जायची. तो मान वर न करता म्हणायचा, "अगं, जरा टेक." ती म्हणायची, "टेकते, टेकते," आणि मागच्या दारानं बाहेर.

प्रकृतीची मात्र तिला भारी घमेंड. शेजारची म्हातारी धापा टाकत जिना चढली की भिंगरी सांगायची, "आजी, रोज चार अक्रोड खा. माझ्याकडे बघा, पन्नाशी उलटली, काही आहे का मला?" म्हातारी बोळकं पसरून हसायची. "दात होते तेव्हा कुणी आणून दिले नाहीत, आता सांगतेस होय?"

त्या वर्षी कारखान्यात सगळ्यांची तपासणी झाली. एक डॉक्टरीणबाई आल्या, पॅकिंगच्या खोलीत टेबल मांडून बसल्या. भिंगरीची पाळी आली तेव्हा ती उभ्याउभ्याच दंड पुढं करत म्हणाली, "लवकर करा बाई, बदामाचा घाणा निघायचाय."

"बसा आधी."

ती बसली. पट्टा फुगला, सुटला. डॉक्टरीणबाईंनी तिच्याकडे बघितलं, पाच मिनिटं थांबायला सांगितलं आणि परत फुगवला. मग तिसऱ्यांदा.

"एकशे अडुसष्ट, खालचं एकशे दोन. रक्तदाब बराच वाढलाय. डोकं दुखतं का?"

"डोकं कुणाचं दुखत नाही? यंत्र बिघडलं असेल तुमचं."

"तुमच्या आधी पंचवीस जणांचा बरोबर आला."

बाईंनी रक्त काढून घेतलं, गोळ्या लिहून दिल्या आणि आठवड्यानं दवाखान्यात यायला सांगितलं. चिठ्ठी घडी करून तिनं पिशवीत कोंबली आणि तडक परातीपाशी गेली. बदाम गार होऊन गेले होते.

कारखान्यात बातमीला पाय फुटायला वेळ लागत नाही. जेवणाच्या सुट्टीत पॅकिंगच्या बायकांनी निकाल लावून टाकला. एक म्हणाली, "रोज एवढं तेलकट खाल्ल्यावर दुसरं काय होणार? सगळी चरबी रक्तात." दुसरी म्हणाली, "माझ्या दिराला डॉक्टरांनी रोज बदाम खायला सांगितलेत, हृदयासाठी." पहिली म्हणाली, "तुझा दीर मूठभर खातो. ही पोतंभर खाते." सगळ्या हसल्या. भिंगरीही हसली. पण तेव्हापासून तिच्या डोक्यात किडा वळवळायला लागला.

चोवीस वर्षं जे औषध म्हणून लोकांना सांगत आली तेच आपल्याला बाधलं की काय? संध्याकाळी ती दोन थांबे आधी उतरून चालत घरी आली. दुसऱ्या दिवशी तीन. छातीवर हात ठेवून ठोके मोजायची, ते जास्त वाटले की घाबरायची, घाबरली की आणखी वाढायचे. एक दिवस तिनं काहीच चाखलं नाही. नुसता वास घेऊन "सोड, सोड" म्हणत राहिली आणि भुकेनं जेवणाचा डबा सुट्टीच्या आधीच संपवला. पुढच्या दिवशी धीर करून नेहमीसारखं खाल्लं, तर रात्री धास्तीनं ताट तसंच सारलं. गोळ्या आणल्या होत्या, पण पाकीट तसंच बंद होतं.

नवऱ्यानं चार दिवस पाहिलं. पाचव्या दिवशी मशीन थांबवून विचारलं, "दिवसाला किती खातेस तू?"

"खात कुठं? चाखते."

"बरं, चाखतेस किती?"

चोवीस वर्षांत हा प्रश्न तिला कुणी विचारला नव्हता, आणि तिनंही स्वतःला विचारला नव्हता.

त्यानं उरलेल्या अस्तराची एक छोटी थैली शिवली, तोंडाला नाडी ओवली आणि तिच्या हातात दिली. "एक दाणा तोंडात गेला की तसाच एक हिच्यात. मिठाचा तर मिठाचा, साखरेचा तर साखरेचा. एक दिवस कर."

"लोक हसतील."

"हसू देत. तुझं काय जातंय?"

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीलाच थैली भरली. भिंगरीनं पिशवीतला जेवणाचा डबा रिकामा करून उरलेलं त्यात टाकलं. भट्टीमास्तर बघत होता. "काय गं, चोरी करतेस की काय?" "हो, तुमच्या डोळ्यांदेखत," ती म्हणाली.

संध्याकाळी नवऱ्याच्या बेतायच्या टेबलावर काळ्या कोटाचं कापड पसरलेलं होतं. त्यानं ते काढायच्या आत भिंगरीनं थैली आणि डबा त्यावर उपडा केला. नवऱ्यानं मुठीनं मोजलं. त्याची मूठ मोठी, तरी साडेचार मुठी भरल्या. पण खरं बघण्यासारखं वेगळंच होतं. दाणे बाजूला सारल्यावर काळ्या कापडावर पांढरा थर राहिला. त्यानं बोट फिरवून जिभेला लावलं.

"मीठ," तो म्हणाला. "आणि ही साखर." मग म्हणाला, "अगं, घरात मी भाजीवर वरून मीठ घेतलं की तू मला बोलतेस."

भिंगरी झटकन फडकं आणून कापड पुसायला लागली, इतकं जोरात की त्यानं तिचा हात धरला. "राहू दे. कोट ज्याचा आहे त्याला कळायचं नाही."

आठवडा झाला तशी ती दवाखान्यात गेली, थैली आणि डबा घेऊन. तिच्या आधी चार जण होते. ती बसली नाही, दारापासून खिडकीपर्यंत फेऱ्या घालत राहिली. शेवटी एक म्हातारा म्हणाला, "बाई, तुमच्याकडे बघून मला चक्कर येतेय, तुम्हीच जा आधी."

डॉक्टरीणबाईंनी डबा टेबलावरच्या कागदावर ओतला आणि पेनच्या टोकानं तीन ढीग केले. साधे. मिठाचे. साखरेचे. मधला ढीग सगळ्यात मोठा होता.

"हे एका दिवसाचं?"

"एका दिवसाचं. साडेचार मुठी. मरणार का मी?"

"मरायचं सगळ्यांनाच आहे, एवढी घाई कशाला?" बाईंनी रक्ताचा कागद पुढं ओढला. "हे बघा. रक्तातली चरबी तुमच्या वयाच्या मानानं चांगली आहे. माझ्यापेक्षा चांगली. साखर जरा काठावर आहे. आणि दाब चढलाय."

"मग बदाम बाधले की नाही?"

"बदामांनी तुमचं काही घोडं मारलेलं नाही. रोज एक मूठ सुकामेवा खाणाऱ्यांना हृदयाचे आजार कमी होतात, असं बऱ्याच ठिकाणी दिसलंय. कदाचित तुमची चरबी आटोक्यात आहे ती त्यामुळंही असेल. नक्की सांगता येत नाही, दिवसभर चालताही तुम्ही." त्यांनी साधा ढीग तिच्याकडे सरकवला. "पण मूठ एक. साडेचार नाही. आणि बिनमिठाचा. आणि तो दुसऱ्या कशाच्या तरी बदली खायचा, सगळं जेवून वर नाही. तुमचं दुखणं या मधल्या ढिगात आहे. शिवाय गोळ्या सुरू केलेल्या नाहीत ना?"

"पाकीटच फोडलं नाही," भिंगरी म्हणाली.

"आजपासून करा. आणि मीठ बंद."

"बाई, मीठ चाखणं हेच काम आहे माझं."

डॉक्टरीणबाईंनी थोडा विचार केला. "गिळायलाच हवं का? चहा चाखणारे थुंकतात, म्हणे. चावा, चव घ्या, थुंका, चूळ भरा."

हे ऐकून भिंगरीला शिवी दिल्यासारखं वाटलं. ती लहान असताना ताटात दाणा टाकला तर आई पुढचं जेवण देत नसे. तोंडात घेतलेलं अन्न थुंकायचं? तेही दिवसातून साठ वेळा? पण घरी जाऊन नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणाला, "ऊस गोड लागला म्हणून मुळासकट खाऊ नये. थुंक."

दुसऱ्या दिवसापासून परातीशेजारी झाकणाची बादली आली. भिंगरी पाठ फिरवून थुंकायची, झाकण लावायची, चूळ भरायची. साधा माल असो की मिठाचा, एकही दाणा पोटात जाऊ द्यायचा नाही असा तिनं विडाच उचलला. भट्टीमास्तर पहिले दोन दिवस तोंड वाकडं करून हसला, मग त्याला सवय झाली. गोळ्यांमुळं डोकं हलकं वाटायला लागलं. पण जिवाला चैन नव्हती. "सोड" म्हणताना आवाजात पूर्वीचा ठसका येत नव्हता. काहीतरी अर्धवट राहतंय असं वाटायचं, आणि काय ते कळायचं नाही.

ते बाराव्या दिवशी कळलं. गावातला एक बेकरीवाला, जुनं गिऱ्हाईक, स्वतः खोकं घेऊन आला. मालकांच्या टेबलावर त्यानं अक्रोडाचं पाकीट ठेवलं. "इतक्या वर्षांत पहिल्यांदा माल परत आणतोय. चिडलेलो नाही, पण चाखून बघा."

मालकांनी भिंगरीला बोलावलं. तिनं एक तुकडा तोंडात टाकला. रंग चांगला, कुरकुरीतपणा चांगला, जिभेवर गोडसर. तिनं सवयीनं बादली शोधली. बादली तिथं नव्हती, म्हणून गिळला. आणि गिळल्याबरोबर घशाच्या मागं, जिभेच्या पार मुळाशी, ती कडू ओरखड्यासारखी चव उमटली. जुन्या तेलाची. खवट.

तिनं आणखी एक तुकडा गिळून बघितला, तोही तसाच.

"हा घाणा तू चाखला होतास?" मालकांनी विचारलं.

"चाखला होता. गिळला नव्हता."

तिनं सगळं सांगितलं, दाबापासून बादलीपर्यंत. मालक बरे होते, पण धंदेवाईकही होते. "मला दोन गोष्टी कळतात," ते म्हणाले. "एक, हे नीट व्हायला हवं. दोन, तुझ्या जिवावर बेतून नको. कसं ते तू ठरव. नाहीच जमलं तर पॅकिंगमध्ये ये, तिथं बसून काम आहे."

बसून काम. तिला त्या शब्दांनीच धडकी भरली.

अर्ध्या दिवसाची रजा टाकून ती बाहेर पडली. बाजार ओलांडला, शाळेच्या भिंतीकडेनं गेली, पुलापर्यंत पोचली, तिथून परत फिरली, आणि परत पुलाकडे वळली. मनात एकच हिशोब. गिळावं तर मीठ पोटात जातं. थुंकावं तर खवट सुटतो. चोवीस वर्षांत तिला कुणी हरवलं नव्हतं, आणि आता तिचीच जीभ तिला दगा देत होती. तिसऱ्या फेरीला पुलाच्या मध्यावर ती थबकली. खवट घशात कळतो, पण मीठ? मीठ तर जिभेच्या शेंड्यावरच कळतं, साखरही. मीठ लागायच्या आधीचा एकच दाणा गिळायचा. दिवसाला तीसेक घाणे म्हणजे तीसेक दाणे. डॉक्टरीणबाईंची एक मूठ! आणि मिठाचा दाणा गिळायची गरज कुणालाच नाही.

ती धावतच घरी आली. नवऱ्यानं टाचण्या तोंडात धरून ऐकून घेतलं. टाचण्या काढल्यावर म्हणाला, "बरोबर. पण मिठाचे दाणे थुंकणारी तूच कशाला? ते दुसरं कुणीतरी करू दे."

"दुसरं कोण? कुणाला कळतं तिथं?"

"उद्या तुला झीट आली तर कारखाना बंद ठेवणार का?"

"मी आडवी पडायची वाट बघताय काय?"

"अगं, मी लग्नापासून तू टेकायची वाट बघतोय," तो म्हणाला. तिला हसू आलं नाही. हे बोलणं तिला लागलं, कारण ते खरं होतं. दुसऱ्याच्या हातात मीठ द्यायचं म्हणजे अर्धी भिंगरी द्यायची, असं तिला वाटत होतं.

दोन दिवस तिनं मनाशी कुस्ती खेळली. तिसऱ्या दिवशी ती पॅकिंगमधल्या चष्मेवालीपाशी जाऊन उभी राहिली. ही तिशीची बाई, फार बोलत नसे. पण मागं एकदा पाकिटं बंद करताना तिनं सहज म्हटलं होतं, "आज मीठ जड आहे," आणि ते खरं निघालं होतं. भिंगरीला तेव्हा रागच आला होता.

"मिठाचं, साखरेचं चाखशील का?" भिंगरीनं विचारलं. "गिळायचं नाही, थुंकायचं. डॉक्टरीणबाईंना विचारून, दाब तपासून. मालकांशी मी बोलते."

चष्मेवालीनं चष्मा वर सरकवला. "मला जमेल?"

"मला तरी कुठं जमत होतं? मी पहिल्या महिन्यात जळका काजू सोडला होता. मास्तरांनी सगळ्यांसमोर झाडलं होतं मला."

हे तिनं आजवर कुणालाच सांगितलं नव्हतं. भट्टीमास्तर लांबून ऐकत होता. तो ओरडला, "सोडलाच होता! मला आठवतंय!"

शिकवणं चाखण्यापेक्षा अवघड निघालं. चष्मेवाली वेळ घ्यायची. एक दाणा तोंडात घोळवत डोळे मिटून उभी राहायची, आणि भिंगरीचे पाय तिकडे जमिनीवर नाचायचे. "काय ते बोल ना!" चष्मेवाली हात वर करून थांबवायची. दोनदा चुकली. एकदा कमी मिठाचे पिस्ते सोडले, एकदा चांगला घाणा उगाच अडवला. दोन्ही वेळा भिंगरीनं धावत जाऊन दाणे तोंडात टाकले, गिळले आणि मग कपाळावर हात मारून घेतला. दुसऱ्या चुकीच्या रात्री तिनं नवऱ्याला परत कबूल केलं, "मीठ गेलं आज पोटात." तो म्हणाला, "किती?" "चार." "बरं, काल सहा होते," तो म्हणाला आणि दिवा मालवला.

सव्वा महिन्यानं डॉक्टरीणबाईंनी पट्टा बांधला. भिंगरी या वेळी सांगायच्या आधी बसली होती, आणि पाच मिनिटं काढायची म्हणून भिंतीवरच्या तक्त्यातली हाडं मोजत होती. वरचं एकशे अडतीस, खालचं शहाऐंशी.

"गोळी चालूच ठेवायची," बाई म्हणाल्या. "कमी मिठानं उतरलंय की गोळीनं, ते मला वेगळं करून सांगता यायचं नाही. दोन्हीनं, असं धरा. झोप?"

"येते. बसवत मात्र नाही."

"त्याला माझ्याकडे गोळी नाही."

खवट माल त्यानंतर गेला नाही. भिंगरी दर घाण्याचा एकच दाणा गिळायची. घशाशी चव पोचेपर्यंत थांबावं लागायचं, पूर्वीसारखं चावता चावता "सोड" म्हणून पुढं पळता यायचं नाही. तेवढे चारपाच क्षण ती एका जागी उभी असायची. आख्ख्या कारखान्यात हा एक चमत्कारच समजला जात होता.

मग एका सकाळी मोठी मागणी होती, गाडी दारात लागलेली, आणि चष्मेवालीनं बदामाचा घाणा अडवला. "मीठ एका बाजूला बसलंय," ती म्हणाली. भट्टीमास्तरनं एक दाणा खाल्ला, त्याला ठीक वाटला. त्यानं आणखी एक खाल्ला. मग तो तरातरा भिंगरीकडे आला.

"हिनं थांबवलाय. गाडी उभी आहे. तू बघ, एकदा बघ फक्त."

भिंगरी परातीपाशी गेली. दाणे चमकत होते. तिचा हात आपोआप पुढं झाला. जीभ तर केव्हाची शिवशिवत होती. दहा पावलांवर चष्मेवाली हाताची घडी घालून उभी होती. चष्म्याआडून बघत होती. ड्रायव्हरनं बाहेर हॉर्न दिला.

भिंगरीनं हात मागं घेतला.

"ती काय म्हणाली?"

"थांब म्हणाली."

"मग थांबा, मास्तर. पिंप परत फिरवा."

भट्टीमास्तर तिच्याकडे बघतच राहिला. "तू चाखणारच नाहीस?"

"मिठाचं तिचं आहे. मला कशाला विचारता?"

तो पुटपुटत गेला आणि त्यानं पिंप सुरू केलं. बदाम खडखडत आत उलटे झाले. ड्रायव्हर आत येऊन ओरडत होता. चष्मेवाली मात्र बादलीचं झाकण उघडून, चूळ भरून, पुढच्या घाण्यासाठी उभी राहिली होती. भिंगरी तिच्या बाजूनं गेली, थांबली नाही, जाता जाता फक्त म्हणाली, "डावीकडचा दाणा घे, तिकडे मीठ बसतं." आणि भट्टीकडे निघून गेली, कारण अक्रोड निघाले होते.